संकल्प, मात्रा आणि उद्यापन: कॅनडातील कायदेशीर गांजा सजगपणे वापरण्याची रीत

माझे बालपण नागपुरात गेले. आमच्या वाड्यात उत्तर प्रदेशातून येऊन स्थायिक झालेले एक आजोबा राहत असत आणि वर्षातून एकदा, महाशिवरात्रीला, ते भांग घोटत. पाने अनेक पाण्यांतून धुवायची, पाट्यावर बदाम, खसखस, बडीशेप आणि मिऱ्यांबरोबर वाटायची, दुधात कालवून फडक्यातून गाळायची आणि पूजा आटोपल्यावर वाड्यातल्या मोजक्या वडीलधाऱ्यांना चांदीच्या एका लहान पेल्याने मोजून द्यायची, अशी त्यांची ठरलेली रीत होती. दुसरा पेला कोणालाही मिळत नसे. रात्रभर भजन चाले, सकाळी तो पेला धुऊन, पुसून कपाटात जाई आणि थेट पुढच्या महाशिवरात्रीलाच बाहेर येई.

आज मी ओंटारिओत राहतो. कॅनडात 17 ऑक्टोबर 2018 पासून प्रौढांसाठी गांजा कायदेशीर आहे आणि 2019 च्या अखेरीपासून गमी (जेलीसारख्या गोळ्या), चॉकलेट, पेये असे खाण्यापिण्याचे प्रकारही परवानाधारक दुकानांत मिळतात. माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असे दुकान आहे आणि ते रोज उघडे असते. आजोबांच्या भांगेला दिवस, माप, संगत आणि शेवट होता. दुकानातल्या पाकिटाला यांपैकी फक्त माप आहे, आणि तेही छोट्या अक्षरांत छापलेले. हल्ली गांजाच्या वापराला ‘विधी’ आणि ‘सजगता’ यांची जोड देण्याविषयी पुष्कळ लिहिले जाते, पण त्यातले बरेचसे मेणबत्ती, उदबत्ती आणि सुंदर वाटी यांपाशीच थांबते. विधीचे मुख्य काम सजावटीचे नसून मर्यादा घालण्याचे आहे, असे माझे ठाम मत आहे. सीमा नसलेला विधी म्हणजे सजवलेली सवय. ती सीमा स्वतःच्या हाताने कशी आखावी, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

हे कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही

हा मजकूर कॅनडात राहणाऱ्या, कायद्याने प्रौढ असलेल्या आणि गांजा वापरण्याचे आधीच ठरवलेल्या व्यक्तीसाठी आहे. वयाची अट बहुतेक प्रांतांत 19, अल्बर्टात 18 आणि क्वेबेकमध्ये 21 वर्षे आहे. जो वापरत नाही त्याने सुरुवात करावी असे मी सुचवत नाही. भारतातील वाचकाने यातील कृती तिथे करू नये: 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांजा आणि चरस बाळगणे तिथे गुन्हा आहे. नुसती पाने त्या कायद्याच्या व्याख्येत येत नसली, तरी भांगेचे नियमन प्रत्येक राज्य स्वतःच्या कायद्याने करते, आणि महाराष्ट्रात परवान्याशिवाय ती जवळ ठेवणे दारूबंदी कायद्यानुसार बेकायदेशीर आहे.

स्वतःला किंवा रक्ताच्या जवळच्या नात्यात कोणाला स्किझोफ्रेनियासारखा मनोविकार झाला असेल, तर या वाटेला जाऊच नये. अशा माणसांत गांजातल्या टीएचसी या अंमल चढवणाऱ्या द्रव्यामुळे भ्रम आणि भास उद्भवण्याचा धोका अधिक असतो, आणि आपल्या घरांत अशी आजारपणे ‘आत्याला थोडा त्रास होता’ एवढ्यावर झाकून ठेवलेली असतात, म्हणून घरातल्या मोठ्यांना आधी स्पष्टपणे विचारावे. गर्भवती आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रियांनी, तसेच हृदयविकार असलेल्यांनी दूर राहावे. मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू असते, त्यामुळे कायद्याने परवानगी असली तरी विशीतल्या विद्यार्थ्यांनी थांबणेच शहाणपणाचे. वॉरफॅरिनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध, झोपेच्या गोळ्या किंवा फिटचे औषध चालू असेल, तर फार्मसिस्टला विचारल्याशिवाय काहीही घेऊ नये. इथला फार्मसिस्ट असा प्रश्न ऐकून भुवया उंचावत नाही, तेव्हा त्यात संकोच नसावा.

संकल्प लिहून काढावा

कोणत्याही पूजेच्या आरंभी गुरुजी आपल्याकडून संकल्प सोडवून घेतात. त्यात देश येतो, काळ येतो, आपले नाव आणि गोत्र येते, आणि आपण काय व कशासाठी करणार आहोत हे येते. अनेकांना तो भाग लांबलचक वाटतो, पण मला तो सबंध पूजेतला सर्वांत सजग भाग वाटतो, कारण माणूस तिथे स्वतःचे ठिकाण निश्चित करतो. हाच साचा इथे घ्यावा. देवाचे नाव घेण्याची गरज नाही. साध्या वहीत, साध्या वाक्यांत, घेण्याच्या आधी लिहावे: आज कोणता वार, किती वाजले, मी कुठे बसलो आहे, सोबत कोण आहे, किती मिलिग्रॅम घेणार आहे, कशासाठी घेणार आहे आणि किती वाजता हे संपले असे मानणार आहे.

हे आधीच लिहिण्याला कारण आहे. टीएचसी मेंदूतल्या ज्या ग्राहींना (पेशींवरच्या संदेश घेणाऱ्या जागांना, म्हणजे रिसेप्टरना) चिकटते, त्यांची गर्दी स्मृतीशी संबंधित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागात मोठी असते. अंमल चढला की नुकतेच काय ठरले होते ते निसटते आणि काळाचे भान सैल होते. सगळी शिस्त तेव्हा सुचेल अशी आशा धरण्यात अर्थ नसतो. सजगता आधीच्या अर्ध्या तासात वापरून घ्यावी लागते.

‘कशासाठी’ या रकान्यापाशी प्रामाणिकपणे थांबावे. ‘शनिवारी संध्याकाळी यमन नीट ऐकण्यासाठी’ हे कारण आहे. ‘ऑफिसात आज अपमान झाला म्हणून’ हेही कारणच आहे, पण ते लिहिलेले दिसले की त्या दिवशी वही मिटून चालायला जावे. राग, एकटेपणा, निद्रानाश किंवा घरातले भांडण यांवर उतारा म्हणून घेतलेली मात्रा पुढच्या वेळी त्याच दुखण्याला जोडली जाते, आणि तलफ बहुतेक वेळा इथूनच जन्म घेते. कारण सुचलेच नाही, तर तोही त्या दिवसापुरता नकारच समजावा.

मात्रा

या विषयात सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

गांजाचा अंमल ज्या द्रव्यामुळे चढतो, ते टीएचसी 1964 साली इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी शुद्ध रूपात वेगळे केले. पुढे 1992 मध्ये मेशुलम यांच्याच प्रयोगशाळेत माणसाच्या शरीरात आपोआप तयार होणारे, त्याच ग्राहींवर काम करणारे एक द्रव्य सापडले आणि त्याचे नाव संस्कृतातील ‘आनंद’ या शब्दावरून ‘आनंदमाइड’ ठेवले गेले. आपले शरीर हे द्रव्य हवे तिथे, हवे तेवढेच आणि क्षणभरापुरते तयार करते. बाहेरून घेतलेले टीएचसी मात्र सगळीकडे एकदम पोहोचते आणि तासन्‌तास रेंगाळते, म्हणून मापाला एवढे महत्त्व.

टीएचसी पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. भांग दुधात आणि बदामात घोटण्याची जुनी रीत त्यामुळे योग्यच होती. पोटातून गेलेले टीएचसी यकृतात पोहोचल्यावर त्याचे आणखी प्रभावी रूप तयार होते. त्यामुळे खाल्लेल्या गांजाचा अंमल उशिरा सुरू होतो, पण जास्त खोल आणि लांब असतो. तो जाणवायला अर्धा तास ते 2 तास लागतात, कळस साधारण 4 तासांनी येतो आणि एकूण परिणाम 12 तासांपर्यंत टिकू शकतो. ओढलेल्या गांजाचा अंमल काही सेकंदांत ते काही मिनिटांत येतो, अर्ध्या तासात कळसाला पोहोचतो आणि 6 तासांपर्यंत राहतो. दोन्हींत मरगळ दुसऱ्या दिवशीपर्यंत लांबू शकते.

मी पहिल्यांदा गमी खाल्ली तेव्हा 50 मिनिटांनी काहीच जाणवले नाही, म्हणून दुसरी खाल्ली. पुढचे 5 तास मी बाथरूमच्या फरशीवर बसून स्वतःच्या छातीची धडधड मोजत काढले, आणि पत्नीने मला दर काही मिनिटांनी किती वाजले ते सांगितले. त्या रात्रीनंतर मी एक नियम केला आणि तो कधीही मोडलेला नाही: एका दिवसात मात्रा एकदाच ठरते, आणि ती ठरवतो तो आधीचा, शुद्धीतला मी.

कॅनडात खाण्याच्या पदार्थाच्या एका पाकिटात 10 मिलिग्रॅमपेक्षा अधिक टीएचसी असू शकत नाही. नवख्याने 2.5 मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी घ्यावे, म्हणजे 10 मिलिग्रॅमची एकच गमी असेल तर तिचा चौथा भाग. सुरीने कापताना भाग असमान होतात, शिवाय एका गमीत टीएचसी सर्वत्र सारखेच पसरलेले असेल याची खात्री नसते, म्हणून प्रत्येकी 2 किंवा 2.5 मिलिग्रॅमच्या सुट्या गमी असलेले पाकीट पाहून घ्यावे. आधी नेहमीचे जेवण झालेले असावे. मित्राला 5 मिलिग्रॅम ‘काहीच होत नाही’ याला आपल्या बाबतीत काडीचाही अर्थ नाही; वजन, सवय आणि यकृत ज्याचे त्याचे असते.

सुक्या फुलांच्या डबीवर ‘टोटल टीएचसी’ हा आकडा शोधावा; ताज्या वनस्पतीत टीएचसी बहुतांशी आम्लरूपात असते आणि उष्णतेने ते बदलते, म्हणून उष्णतेनंतरचा हा एकूण आकडाच कामाचा. 20 टक्के म्हणजे एका ग्रॅममध्ये 200 मिलिग्रॅम. त्यातले फुप्फुसातून रक्तात जाते ते बरेच कमी, तरी नवख्याने 10 टक्क्यांच्या आतलेच निवडावे, एक झुरका घ्यावा आणि अर्धा तास थांबावे. तंबाखू मिसळून ओढण्याची आपल्याकडची सवय इथे आणू नये, कारण त्यातून निकोटीनचे दुसरे व्यसन मागच्या दाराने आत येते. जाळून ओढण्यापेक्षा व्हेपरायझरमध्ये जळण्याच्या खालच्या तापमानाला तापवणे फुप्फुसांना कमी त्रासाचे असते, पण निर्धोक तेही नसते.

प्राणायाम करणाऱ्यांच्या हातून इथे एक चूक हमखास होते: धूर आत घेऊन कुंभक करणे. श्वास रोखल्याने अंमल फारसा वाढत नाही, मात्र डांबर आणि विषारी कण फुप्फुसात अधिक बसतात. प्राणायाम करायचा असेल तर तो आधी, स्वच्छ हवेत करावा. दारू त्या दिवशी अजिबात नको. दोन्ही एकत्र आल्यावर अंमल बराच वाढतो.

जागा, संगत आणि मधले तास

जागा स्वतःच्या घरातली असावी आणि भाड्याच्या घरात धूर चालतो का हे करारात पाहिलेले असावे. सोबत निदान एक माणूस न घेतलेला असावा. पाणी, फळ, पांघरूण हाताशी ठेवून फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. त्या अवस्थेत लिहिलेले निरोप आणि केलेल्या खरेद्या सकाळी नकोशा होतात.

मराठी घरांसाठी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. गमी किंवा चॉकलेट देवघरात, देवघराजवळच्या वाटीत किंवा फराळाच्या डब्यांच्या रांगेत कधीही ठेवू नये. आपल्या मुलांना देवापुढचे काहीही न विचारता उचलण्याची मुभा असते, आणि भारतातून चार महिन्यांसाठी आलेल्या आजीला वाटीतली गोळी जेलीचीच वाटणार. मूळ पाकिटासकट, कुलपाच्या डब्यात, उंचावर. लहान मुलाने चुकून खाल्लेच, तर लाज बाजूला ठेवून ताबडतोब विषबाधा केंद्राला 1-844-764-7669 वर फोन करावा (क्वेबेकमध्ये वेगळा क्रमांक आहे), आणि मूल गुंगीत असेल किंवा श्वास मंद वाटत असेल तर थेट 911. होळीच्या थंडाईत कोणाला न सांगता काही मिसळणे ही थट्टा नसून त्या माणसाच्या शरीरावर केलेला हल्ला आहे, आणि कायदाही ते तसेच पाहतो.

मात्रा घेतल्यावर तिची वाट पाहत बसू नये. डोळे मिटून पाच-दहा मिनिटे श्वास येताना आणि जाताना पाहावा, मग ठरवलेले एकच काम हाती घ्यावे: एक राग विलंबितापासून द्रुतापर्यंत ऐकणे, एक संत्रे सोलून फोड फोड खाणे, किंवा सोबत्याशी बोलणे. दर अर्ध्या तासाने त्याच वहीत एकेक ओळ लिहावी: तोंड कोरडे पडले का, नाडी वाढली का, विचार कुठे धावत आहेत. काही सुंदर सुचले तर तेही लिहावे; सकाळी ते कितपत टिकते हे पाहण्याजोगे असते.

हीच साधना आहे असे मात्र मी म्हणणार नाही. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात दहा दिवस बसलेल्या कोणालाही, आणि लहानपणापासून वंदनेत पंचशील म्हणत आलेल्या माझ्या बौद्ध मित्रांना, पाचवे शील पाठ आहे: सुरामेरयमज्जपमादट्ठाना वेरमणी. त्यात नशेला ‘पमादट्ठान’, म्हणजे बेसावधपणाचे स्थान, म्हटले आहे. सजगता शिकवणाऱ्या परंपरेनेच नशेला दूर ठेवले, ही वस्तुस्थिती सजगतेचे नाव घेऊन गांजा विकणाऱ्यांनी लपवू नये. गांजामुळे आवाज जवळचे आणि चव दाट वाटते हे खरे, पण लक्ष टिकवण्याची क्षमता त्या वेळी कमी झालेली असते. ज्याला ध्यान शिकायचे आहे त्याने ते नशा न करता शिकावे. इथे आपण फक्त एवढेच करतो, की जे घ्यायचे ठरवले आहे ते बेसावधपणे घेत नाही.

घाबरायला झाले तर खोलीतला उजेड मंद करून, भिंतीला टेकून बसावे, गार पाण्याचे घोट घ्यावेत आणि सोबत्याने शांत आवाजात ‘किती वाजता घेतले, आता किती वाजले, हे उतरणार आहे’ एवढेच पुन्हा पुन्हा सांगावे. वहीतली वेळ इथे उपयोगी पडते. छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, थांबत नसलेली उलटी किंवा नसलेले आवाज ऐकू येणे असे काही झाले, तर 911 ला फोन करावा आणि काय, किती घेतले ते खरे सांगावे.

उद्यापन आणि दुसरा दिवस

व्रताचे उद्यापन केल्याशिवाय ते पूर्ण होत नाही. ठरवलेली वेळ आली की हातपाय धुवावेत, वहीत शेवटची ओळ लिहावी, उरलेले पाकीट कुलपात ठेवावे आणि झोपावे. अंमल उरला असला तरी ‘आणखी थोडे’ या विचाराला आता जागा नाही.

गाडीची किल्ली सोबत्याकडे आधीच दिलेली असावी आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परत मागू नये. हा सल्ला कडक वाटेल, पण त्यामागे आणखी एक कारण आहे, जे आपल्या समाजात फार थोड्यांना ठाऊक असते. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये 2 नॅनोग्रॅम टीएचसी आढळले तरी चालकाचा गुन्हा होतो आणि दंड होऊ शकतो; शिवाय 18 डिसेंबर 2018 पासून नशेत गाडी चालवण्याच्या अधिक गंभीर गुन्ह्याची कमाल शिक्षा 10 वर्षांची झाल्यामुळे तो स्थलांतर कायद्यात गंभीर गुन्ह्यांत मोजला जाऊ शकतो. पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) किंवा वर्क परमिटवर असलेल्या माणसाचा या देशात राहण्याचा हक्कच त्यातून धोक्यात येऊ शकतो. तसेच देशाची सीमा ओलांडताना काहीही सोबत नेऊ नये. अमेरिकेत नाही, भारतात नाही, सीबीडी या गांजातल्याच, पण नशा न आणणाऱ्या द्रव्याचे तेलही नाही. बॅगेचे कप्पे प्रवासाआधी रिकामे करून पाहावेत.

श्रावण पाळावा

आठवड्यातून एकदा हा माझ्या मते वरचा टोकाचा हिशेब आहे. महिन्यातून एकदा हा चांगला. वारंवार वापराने मेंदूतल्या त्या ग्राहींची संख्या घटते, तोच परिणाम मिळवायला मात्रा वाढवावी लागते, आणि माणसाला वाटते की आपल्याला ‘चढतच नाही’. रोज वापरणाऱ्यांच्या मेंदूच्या तपासण्यांत असे दिसले आहे, की साधारण 4 आठवडे पूर्ण थांबल्यावर ही घट बरीचशी भरून येते. आपल्याकडे नेमका एवढाच, एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंतचा, वर्ज्य पाळण्याचा महिना तयार आहे. ज्यांच्या घरी श्रावणात मांस आणि मद्य बंद असते, त्यांना यादीत एक नाव वाढवणे अवघड नाही. फक्त गटारीच्या नावाखाली आदल्या दिवशी महिन्याचा साठा संपवू नये.

रोजची सवय असेल तर पहिल्या आठवड्यात चिडचिड, झोपमोड, भूक मंदावणे आणि ठळक स्वप्ने पडणे हे होते. दोन आठवड्यांत बहुतेकांना उतार पडतो. वर्षानुवर्षे रोज ओढणाऱ्या काहींना वारंवार उलट्यांचा आजार होतो आणि गरम पाण्याच्या अंघोळीनेच तेवढे बरे वाटते. असे लक्षण दिसले तर पोटाच्या गोळ्या घेत बसण्याऐवजी डॉक्टरांना गांजाबद्दल सांगावे, कारण त्यावरचा खरा उपाय पूर्ण थांबणे हाच आहे.

श्रावणातल्या तिसऱ्या-चौथ्या दिवशीच नेम मोडला, मोडल्याचे घरात लपवावेसे वाटले, किंवा वहीतल्या ‘कशासाठी’च्या रकान्यात सलग तीन वेळा तेच दुःख लिहिलेले आढळले, तर विधी सुधारत बसू नये. वही घेऊन फॅमिली डॉक्टरकडे जावे आणि ती त्यांच्यापुढे उघडून ठेवावी. ओंटारिओत ‘कनेक्सओंटारिओ’ ही मदतवाहिनी व्यसनाविषयी दिवसरात्र, विनामूल्य आणि नाव न विचारता बोलते. तिथे दुभाष्याची सोय आहे का, हेही पहिल्याच फोनमध्ये विचारून घ्यावे.